काळा-पांढरा मी

३ फेब्रुवारी, मंगळवार
मोबाईल भिंतीवर आपटला. राजनंदिनीचं दोन दिवस उत्तर नाय. ज्यांच्या स्टुडिओत मी पासपोर्ट फोटो काढतो ते कडुबामा शांतपणे म्हणाले, "भिंतीचं काय चुकलं?"
शेवटचं बोलली ते हे — "तू नेमका हायस कोण, शिवराज? कॉलेज अर्ध्यात सोडलंस. घरी काय सांगू मी?"
दाखवतोच.

५ फेब्रुवारी
क्रांती चौकातून भाड्याचे ड्रेस आणले. मी फौजदार, मागं लाल पडदा. मी वकील, हिरवा पडदा. मी नवरदेव, पिवळा. फेटा पार डोळ्यांवर उतरलेला. सात वेष, सात रंग. टायमर लावायचा, पळत जायचं आन रुबाबात उभं राहायचं. वकिलाच्या फोटोत अजून पळतोयच.

९ फेब्रुवारी
सातही फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावले. अख्ख्या मुकुंदवाडीत कुणी ओळखलं नाय! शेजारच्या सरूबाई मलाच विचारतात, "हे फौजदार कुठल्या ठाण्याचे? पोरीसाठी बघावं म्हणते."
मीच तो, म्हणालो.
"चल, तू कुठला."

१० फेब्रुवारी
आठवा फोटो. माझाच शर्ट, कॉलर विटलेली. सगळे रंग काढून टाकले. हा खरा मी. फ्रेमवाल्या मनकर्णाबाईकडं दिला.

११ फेब्रुवारी, बुधवार
बाईनं फ्रेम करून परस्पर काचेत टांगली. वर चंदनाचा हार!
लई भांडलो. ती म्हणे, "काळा-पांढरा म्हणजे गेलेला माणूस. वीस वर्षं असंच करते. आजवर एक जण तक्रार घेऊन आला नाय."
या फोटोत मात्र सगळ्यांनी ओळखलं.
घरी आई तापलेली. "रडायला आलेल्या बायकांना चहा करू करू दमले. पोरगं जिवंत हाय म्हणलं तर म्हणतात, बाईला धक्का बसलाय. उद्याबी मरायचं असंल तर येताना दूध आण."
हार काढणार होतो. पण राजनंदिनीची स्कूटी रोज इथूनच जाते. बघू दे. रडू दे जरा.

१४ फेब्रुवारी
तीन दिवस पडद्यामागं बसून आहे. स्कूटी काचेपुढं हळू होते, थांबत नाय.
कडुबामा गिऱ्हाइकाला सांगत होते, "पोरगा गेला, पण हात अजून चांगला हाय त्याचा."

१७ फेब्रुवारी
राजनंदिनी आली. पडदा सारून बाहेर आलो तर तिनं भिंत धरली. मग थोबाडीत दिली. डोळे सुजलेले.
"तुझ्यापायी पाच स्थळं मोडली. बुधवारी हा हार बघितला. काल करमाडच्या पोराला हो म्हणले."
"मग आता इथं कशाला?"
"कडुबामांकडं तुझा फोटो मागायला."
फौजदार, वकील, नवरदेव, कशाकडंच बघितलं नाय तिनं. काळा-पांढरा उतरवून घेतला.
हारासकट घेऊन गेली.