कोपरं साफ झाली की

बुधवार, ९ जानेवारी. संध्याकाळी ५
आज पहिलं इंजेक्शन. अठ्ठावीस वर्षांत मलमं झाली, गोळ्या झाल्या, उभ्या कपाटासारख्या यंत्रात शिरून अतिनील किरण घेऊन झाले. सोरायसिस जागचा हलला नाही. आता हे नवीन, बायोलॉजिक म्हणतात. दिसायला जाड पेनासारखं. मांडीला टेकवून दाबायचं. एक ‘टक्’ झालं की औषध सुरू, दुसरं झालं की संपलं. पहिले पाच आठवडे दर बुधवारी, मग महिन्यातून एकदा.
नर्सचं नाव तुइया. म्हणाली, पुढच्या वेळेपासून घरीच घ्या, अवघड काही नाही. मी म्हणालो, माझे हात थरथरतात. बस डेपोच्या स्टोअरमध्ये दिवसभर बारीक स्क्रू निवडतो, ते सांगितलं नाही. मग ती म्हणाली, ठीक आहे, पाचही आठवडे इथेच या. तिला बरं वाटलेलं दिसलं.
संकल्प: कोपरं साफ झाली की शुक्रवारी सौनाला जायचं.

शुक्रवार, ११ जानेवारी. संध्याकाळी ६.१०
बिल्डिंगचा सौना, ती उघड्या अंगाने बसायची गरम वाफेची खोली, तळघरात आहे. शुक्रवारी सहा ते आठ पुरुषांची वेळ. मी अकरा वर्षं गेलेलो नाही. शेवटच्या वेळी बाकावरून उठलो तर माझ्या जागी पांढऱ्या खपल्यांचा सडा. पहिल्या मजल्यावरचा वेइक्को तिकडे बघत होता. बोलला काही नाही. सभ्य माणूस. पुढच्या आठवड्यात जिन्यात भेटला तेव्हा मी ब्लड प्रेशरचं कारण सांगितलं.
वरच्या बाकावरची कोपऱ्यातली जागा माझी. त्यांनी ती रिकामी ठेवली असणार. आत्ता खालून दारांचा आवाज आला. बहुतेक माझाच विषय चाललाय.

बुधवार, २३ जानेवारी
तिसरं इंजेक्शन. जाताना दालचिनीची बनं, म्हणजे गोड पाव, नेली, सहा. स्वतः भाजली. तुइयाने माझ्यासमोर एक खाल्लं, लगेच दुसरं उचललं. म्हणाली, हल्ली मला सारखी भूक लागते. मी म्हटलं, थंडीच तशी आहे. इथे कुओपिओत आज उणे चोवीस.
खपल्या पातळ झाल्यात. अंथरूण झाडलं तर जवळजवळ काही पडलं नाही. जरा चुकल्यासारखं वाटलं.

रविवार, २७ जानेवारी
लाहतीहून बहिणीचा फोन. इर्मा चार वर्षांनी मोठी, आणि पहिल्यापासून तशीच बोलते. औषध लागू पडतंय म्हटल्यावर म्हणाली, मग आता ये की इकडे. मी म्हटलं, आधी पूर्ण साफ होऊ दे, लोक बघतात. ती म्हणाली, कोण बघतंय तुला, ताइस्तो?
मग मी म्हटलं की हे औषध वीस वर्षांपूर्वी असतं तर माझी बायको सिर्पा मला सोडून गेली नसती. इर्मा म्हणाली, सिर्पाने तुझ्या चट्ट्यांबद्दल कधी एक शब्द काढला नाही. स्वयंपाकघरात तीन-तीन आठवडे तू बोलत नव्हतास, हे मात्र रडून सांगितलं होतं.
इर्माला सगळंच माहीत असतं असं नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी
पाचवं, म्हणजे क्लिनिकमधलं शेवटचं. तुइयाने माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. म्हणाली, हे हात काही थरथरत नाहीत. आज तुम्ही घ्या, मी बघते. घेतलं. टक्, टक्. ती म्हणाली, झालं, आता तुम्हाला माझी गरज नाही.
हे बोलताना तिचा आवाज जड झाला होता. सर्दीची साथ आहे, पण सर्दीचा आवाज मला कळतो.
कुणी माझे हात असे धरले त्याला किती वर्षं झाली, ते आठवून पाहिलं. आठवलं नाही.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी
डावं कोपर साफ. उजव्यावर नाण्याएवढा गुलाबी डाग. आज गेलो असतो, पण अर्धवट कशाला? गेलं तर पूर्ण जावं.

बुधवार, ६ मार्च. दुपारी ४
घरचं पहिलं इंजेक्शन. सुट्टी काढली. पेन फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर काढायचं असतं. टेबलावर ठेवून समोर बसलो. अर्धा तास दोघंही गप्प. मग मांडी पुसली, टक्, टक्. थेंब सांडला नाही. इकडेतिकडे पाहिलं.
क्लिनिकला फोन करून सांगितलं की सगळं व्यवस्थित झालं. पलीकडची बाई म्हणाली, व्यवस्थित झालं तर फोन करायची गरज नसते. तुइयाला द्या म्हटलं. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली, गेल्या आठवड्यापासून.
पोट मला दिसलं होतं. मला वाटलं माझी बनं.

शुक्रवार, १५ मार्च
दोन्ही कोपरं साफ. गुडघे मात्र राहिलेत. सौनात कोपरांपेक्षा गुडघेच दिसतात, बसल्यावर. संकल्पात गुडघे धरायचे राहून गेले होते. दुरुस्ती केली.

शुक्रवार, २९ मार्च
गुडघे साफ. घसा खवखवतोय. या औषधावर इन्फेक्शनला जपायचं असतं. माहितीपत्रकात सौनाबद्दल काही नाही, पण सावध माणसाने ओळींच्या मधलं वाचावं.

बुधवार, ३ एप्रिल
क्लिनिकमध्ये तपासणी. डॉक्टर तरुण आहेत, भराभर बोलतात. पाठ पाहिली, पाय पाहिले, डोकं पाहिलं. म्हणाले, जवळजवळ शंभर टक्के, फार छान, आता सहा महिन्यांनी या. मी म्हटलं, मधे एखादी चक्कर? ते म्हणाले, कशासाठी?
खरंच, कशासाठी. कपडे घालायला मुद्दाम वेळ लावला. विचारलं, हे परत उलटू शकतं का? म्हणाले, उलटू शकतं, पण तुमचं तसं लक्षण नाही. माझी समजूत काढत होते.

शुक्रवार, १० मे
हॉकीची मॅच. सगळे टीव्हीसमोर असणार. सौना रिकामा असेल तर माझं येणं कोणाला कळायचंही नाही. पुढच्या शुक्रवारी.

शुक्रवार, १७ मे
मॅच.

रविवार, २ जून
इर्माचा फोन. काल तिच्या नातीचा शाळा पास झाल्याचा समारंभ होता. मला आमंत्रण होतं, मी स्टोअरमध्ये स्टॉक तपासणी आहे म्हणून कळवलं होतं. इर्मा म्हणाली, पूर्वी चट्टे सांगायचास, आता स्टॉक. मग म्हणाली, त्वचा कशी आहे? मी म्हटलं, पूर्ण साफ. ती म्हणाली, अरेरे.
विचित्र बाई आहे. या शुक्रवारी जाणारच.

शुक्रवार, ७ जून. रात्री ८.३०
गेलो.
टॉवेल, बसायचं फडकं, तीन बिअर. एक माझी, दोन वाटायला. कपडे काढून आरशात पुढून-मागून पाहिलं. एक डाग नाही.
आत दोघं होते. एक कोणी तरुण, तो लगेच उठून गेला. माझ्यामुळे नाही, त्याचं झालं होतं. दुसरा वेइक्को. म्हातारा झालाय. वरच्या कोपऱ्यात तो स्वतःच बसला होता. मी खालच्या बाकावर बसलो. त्याने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. चष्मा नव्हता त्याच्या डोळ्यांवर, माझ्याही नव्हता. माझ्या कोपरांकडे त्याने पाहिलंच नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “नवीन का? कितव्या मजल्यावर?”
नवीन नाही, असं सांगणार होतो. तोंडातून निघालं, “तिसऱ्यावर.”
“बरी जागा आहे. समोर तळं दिसतं.” मग म्हणाला, “तिसऱ्यावर तो एक राहतो. डेपोतला. भेटला का?”
मी म्हटलं, “अजून नाही.”
“भेटणारही नाही. पूर्वी यायचा इथे, मग बंद केलं. ब्लड प्रेशर म्हणाला. आजारी असेल म्हणून मी दोन-तीनदा वर गेलो. बायकोने एकदा सूप दिलं होतं त्याच्यासाठी. दार वाजवलं की आतला रेडिओ बंद होतो. मग आपण तरी किती जायचं?”
मी विचारलं, “त्याला काही त्वचेचा त्रास होता का?”
वेइक्कोने आठवून पाहिलं. “त्वचेचा? माहीत नाही बुवा. माणूस चांगला होता. फार बोलायचा नाही, पण इथे कोण बोलतं?”
त्याला एक बिअर दिली. निघताना म्हणाला, “गाठ पडली तर सांगा त्याला. शुक्रवार, सहा वाजता.”
मी म्हटलं, “सांगतो.”

शनिवार, ८ जून. सकाळी ९.४०
कॉफी घेत बसलो होतो. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दोन्ही हात स्वच्छ, उन्हात चांगले दिसत होते.
दार वाजलं. दोनदा. मग वेइक्कोचा आवाज, तुमचं फडकं खाली राहिलं होतं म्हणून.
रेडिओ बंद केला.