बोडीच्या पाळीआतली दोन एकर

१३ एप्रिल १९५८, रविवार
रिटायर व्हायला साडेपाच महिने. ३० सप्टेंबरला क्वार्टर खाली करायचा. गोंदियाच्या रेल्वे माल-ऑफिसातल्या इतर बाबूंसारखा मी ऐन वेळी खोली शोधत फिरणार नाही. खेड्यात जमीन घेणार, बंगली बांधणार. लग्नात सौ.ला स्वतःच्या अंगणाचं वचन दिलं होतं. सव्वीस वर्षं झाली. आता पुरं होणार.
संकल्प: कर्ज पारखून घ्यायचं. जमीन काय, ती कुठे पळून जाते!

२० एप्रिल
बोदलकशाच्या वाटेवर जमीन मिळाली. बोडीच्या पाळीच्या आतल्या अंगाला दोन एकर. बोडी म्हणजे नावाला तळं; मधोमध चार म्हशी बसतील एवढंच पाणी. जमीन काळी, सपाट, लोण्यासारखी. एक झाड नाही, एक बांध नाही. इतक्या वर्षांत इथे धान लावायची अक्कल कुणाला झाली नाही! पाळ ही भोवतीची मातीची भिंत म्हणजे तयार कंपाउंड. भाव निम्मा.
मालक मनिराम सरळ माणूस. म्हणाला, "पावसात पानी येथवरी येते जी," आणि हात छातीला लावला. शपथ घ्यायची इकडची रीत साधी, पण मनाला भिडते. पाणी दारात येणार, म्हणजे विहिरीचाही खर्च वाचला.

२१ एप्रिल
सौ. शेतकऱ्याची मुलगी, माहेर आमगावचं. शंका फार. म्हणते, "पावसात पाहून या, मंग घ्या." पावसात कुणी जमीन पाहतं का? चिखल असतो.

२ मे
ऑफिसच्या सोसायटीतून फॉर्म परत. सप्टेंबरनंतर मला पगार नसेल, हे कारण. हिशेबी माणसं. दृष्टी नाही.

११ मे, रात्री
मेहुणा परसराम आला. बिनव्याजी पैसे देतो म्हणाला. अट एकच. "जवाईबापू, पयले जमीन मले दाखवा."
मी कर्जांचा पाच पानी तक्ता केला आहे. त्यात व्याजाच्या रकान्यात शून्य शोभत नाही. शिवाय स्वाभिमान आहे. नाही म्हटलं. सौ.ने दिवसभर भांडी आपटली. उकाडा फार होता.

२३ मे
बँकेचे साहेब म्हणाले, जुलैत पाहणीला येऊ. मी समजावलं की जुलैत तिथे ओल असेल. ते म्हणाले, म्हणूनच. असल्या संशयी लोकांशी व्यवहार नको. तक्त्यात लाल रेघ.

३० मे
कर्ज ठरलं. शालीकराम सावकार. व्याज सगळ्यांपेक्षा जास्त, पण जमिनीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. फक्त सौ.च्या पाटल्या तेवढ्या ठेवून घेतल्या.
पाटल्या निघेनात. साबण लावावा लागला. सौ.ने एवढंच विचारलं की तुळस कुठे धरली. मी बंगलीच्या नकाशावर ईशान्य कोपरा दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मलाही भरून आलं.

७ जून
रजिस्ट्री झाली. अर्धं गाव आलं होतं. सगळे हसून राहिले होते. लोकांना माझं फार कौतुक. मनिरामची एक विनंती: "मासोऱ्या मीच मारीन जी, पयल्यासारख्या." शेतात कसले मासे? गरिबाचं मन मोडू नये म्हणून कागदावर लिहून दिलं.

१३ जुलै
पाऊस दमदार. नकाशात व्हरांडा वाढवला. सौ. रोज म्हणते, जाऊन पाहा. रजा शिल्लक नाही. पाच दिवस आहे, पण ती बांधकामासाठी.

२४ ऑगस्ट, रविवार
मी, सौ. आणि (बोलावलं नसताना) परसराम पाळीवर उभे राहिलो. बोडी काठोकाठ भरलेली.
सौ.ने विचारलं, घर कुठे? मी छत्रीने दाखवलं. तुळशीच्या जागी एक बदक होतं. व्हरांड्यात मनिराम छातीभर पाण्यात जाळं टाकत होता. त्याने मला ओळखलं आणि हात छातीला लावला. "सांगतलो होतो जी!"
ती शपथ नव्हती.
परसराम काही बोलला नाही. हा त्याचा खवचटपणा. सौ.ने पदर ओढून मनगटं झाकली. सबंध वाटेत तिने पदर सोडला नाही. फार वाईट वाटलं.

२५ ऑगस्ट
चूक सावकाराची. त्याने जमीन पाहायला हवी होती.

३० सप्टेंबर
क्वार्टर खाली केला. आमगावला परसरामच्या ओसरीत बसून लिहितो आहे. अंगण मोठं आहे. सौ. आल्याआल्या तुळशीला पाणी घालायला गेली.
संध्याकाळी मनिरामने टोपलीभर मासोऱ्या पाठवल्या. सौ.ने रांधल्या. वाढताना विचारलं, या आपल्या का? मी म्हटलं, जमीन आपली, मासोऱ्या त्याच्या. कागदावर तसंच आहे. "मंग आपलं काय?" म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक वाढली.
पाटल्या सुटेपर्यंत परसरामच्या धानाची राखण मी मजुरीवर करायची, असं ठरलं. उद्यापासून. सौ.ने विचारलं नाही, सांगितलं.
या वेळी तक्ता केला नाही.