गोधडीचे सामान आणि सोनिकाचे घर

मी, लीला रमाकांत इंदापूरकर, वय शहात्तर, राहणार पाटणकर बाजारामागची गल्ली, लष्कर, ग्वाल्हेर. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसे लिहूनही दिले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. तशी कोणाची छातीही नाही. वकीलसाहेबांचा मसुदा समोर ठेवून हे शेवटचे इच्छापत्र स्वहस्ते लिहिते.

१. माझे यजमान हयात नाहीत. मुलगा राघव चार वर्षांपूर्वी अपघातात गेला. मागे दोघी आहेत: मुलगी मंजिरी, पुण्यात तिच्या संसारात सुखी, आणि राघवची बायको सोनिका, माझ्याजवळ राहते. मंजिरीचे म्हणणे असे की माझ्यानंतर घर विकावे आणि सोनिकाने इथल्याच पडाव भागात माहेरी जावे. मंजू, तू मनाने वाईट नाहीस बाळा, पण हे होणे नाही.

२. वरील घर यजमानांनी स्वकमाईने बांधले व त्यांच्या मृत्युपत्राने माझ्या एकटीचे झाले. ते माझ्या पश्चात सोनिकाच्या पूर्ण मालकीचे राहील. त्यावर इतर कोणाचाही हक्क नाही.

३. बँकेतली ठेव, पाटल्या व मोहनमाळ मंजिरीला द्यावी. तिने भांडू नये. भांडायचेच असेल तर मराठीत टोमणे मारून उपयोग नाही, सोनिका माहेरची हिंदी बोलणारी असली तरी तिला आता सगळे कळते.

४. माझे गोधडीचे सामान सोनिकाला: मोठ्या नेढ्याच्या सुया, बोटात घालायचे पितळी अंगुस्तान, टाचण्या, शिंप्याचा खडू, पट्टी, पांढऱ्या दोऱ्याची रिळे आणि मेणाचा तुकडा. दोरा मेणावरून ओढून घेतला की गुंता होत नाही. नवशिक्याला एवढे पुरते. बाजारातला महागडा शिवणाचा डबा कोणी गळ्यात मारला तर घेऊ नये. कापड मात्र जुने, धुऊन मऊ झालेले असावे.

मोठी कात्रीही सोनिकाचीच. माझ्या जाऊबाई सुमनताई यांना त्या कात्रीला हात लावू देऊ नये. त्यांनी त्याच कात्रीने गणपतीच्या मखराचे पुठ्ठे कापले आणि वर मलाच म्हणाल्या, "कात्री बोथट आहे हो तुमची!" सुमनताईंना माझ्याकडून एक नवी कात्री विकत घेऊन द्यावी. पुठ्ठे कापायला.

सामान सोनिकालाच का, तेही लिहिते. राघव गेल्यावर सोनिका भिंतीकडे तोंड करून पडून असायची. रडायचीही नाही. एका दुपारी मी तिच्यापुढे सासूबाईंची जुनी लुगडी टाकली आणि हातात सुई दिली. सतरंजीवर थर पसरून ती धावदोरा घालत राहिली. दिवेलागणीला गोधडी उचलायला गेली तर उचलेना.

"मम्मीजी, ये तो दरी समेत सिल गई!"

खरेच की! टाके सतरंजीतून आरपार गेले होते. मला हसू आवरेना. मग तीही हसली, आणि हसता हसता माझ्या मांडीवर डोके ठेवून हमसून हमसून रडली. मीही रडले. त्या रात्री आम्ही दोघी पोटभर जेवलो.

ती गोधडी आम्ही उसवली नाही. सतरंजीसकट जड आहे, पण ग्वाल्हेरच्या थंडीत मला तीच लागते. सोनिका, तू राहिलीस म्हणून मी राहिले. पोरी, तुझे फार उपकार आहेत माझ्यावर. तोंडावर म्हणायला गेले की तू चहा ठेवायला पळतेस, म्हणून इथे लिहिले.

५. खाडाखोडीचा खुलासा: कलम २ मध्ये "सोनिका पुनर्विवाह करीपर्यंत" हे शब्द मसुद्यातून उतरवताना माझ्या हातून लिहिले गेले. ते मीच खोडले असून बाजूला सही केली आहे. वकीलसाहेब म्हणाले, "सगळे असेच लिहितात." लिहू देत. सोनिका एकतीस वर्षांची आहे. तिने लग्न करावे अशी माझी इच्छा आहे. केले तर नवऱ्याला याच घरात आणावे; तेव्हाही घर तिचेच. राघवला वाईट वाटेल असे मनात आणू नकोस, बाळा. मी त्याची आई आहे, मला ठाऊक आहे.

सही: लीला रमाकांत इंदापूरकर

आमच्या दोघांच्या समक्ष बाईंनी वाचून सही केली:
१. मानसिंगराव जाधव, शेजारी
२. डॉ. गरिमा सक्सेना

ग्वाल्हेर, १४ नोव्हेंबर २०२५