नजर बसली

३ जुलै २०१७
पोचलो एकदाच्या! नांदेडहून मी आणि माझी तीन वर्षांची सोनू. हिंजवडीत सोजरबाईंकडे रस्त्यालगतची खोली मिळाली. मी कामावर गेले की पोरीला त्याच सांभाळणार. सोनूने आल्या आल्या त्यांना आजी करून टाकलं, लबाड कुठली. तिचे बाबा दिवाळीनंतर येतील.

५ जुलै
काम झकास! कंपनीत संगणकाच्या पडद्यावर भर रस्त्यातले फोटो येतात, त्यांतल्या गाड्यांच्या नंबरपाट्या झटपट हुडकायच्या. बाकी सगळ्याला इथे ‘कचरा’ म्हणतात. झाडं, दुकानं, माणसंसुद्धा. शिकवणारे अभिनवसर म्हणाले, कचऱ्यावर नजर अडकू द्यायची नाही. माझी मेली माणसांवरच अडकते. कुणाची साडी, कुणाचं रडकं तोंड. चाचणीत शेवटची आले. सुधारले नाही तर घरी पाठवतील.

१७ जुलै
हात बसतो तशी नजर बसली! पहिली आले. आता फोटोत माणसं दिसतच नाहीत, पाट्या तेवढ्या उठून दिसतात. सर म्हणाले, काहींची नजर वर्षभर घासूनही अशी तयार होत नाही, मॅडम. अशी फुशारले म्हणता!

२१ जुलै
कंपनीची बस रिकामी दिसली म्हणून खिडकीपाशी बसले, तर एका बाईच्या मांडीवर! ती ओरडली तेव्हा कळलं. लाजेने मेले. डोळे थकले असतील.

२४ जुलै
थकवा नाही हा. सोजरबाई म्हणाल्या, पोरी, तुला नजर लागली हाय. दृष्ट काढायला बसल्या. माझ्यासमोर मीठ-मिरच्या हवेत नुसत्याच फिरत होत्या. मी हात पुढे केला, तर त्यांचं मनगट हाताला लागलं.

२५ जुलै
काम सोडलं. डोळ्यांच्या डॉक्टरांना दोष सापडला नाही. सरांना विचारलं, पहिल्यासारखं होईल का? रिकाम्या खुर्चीतून उत्तर आलं, शिकलेली सायकल विसरता येते का? सोनू मात्र दिसते. देवा, तेवढी राहू दे.

२८ जुलै
सोनू पुसट झालीय. डोळे मिटायची भीती वाटते—

२९ जुलै
गेली. म्हणजे आहे— मांडीवर वजन आहे, केसांना तेलाचा वास आहे. म्हणते, आई, माझ्याकडे बघ ना. बघतेच आहे गं बाई—

३० जुलै
सोजरबाई बाजारात. ओढणीचं एक टोक सोनूच्या कमरेला, दुसरं माझ्या मनगटाला.
ओढणी सैल पडलीय.
दार उघडं— बाहेर हसतेय— कुठल्या बाजूला—
ट्रक मागे घेताहेत. पाटी स्वच्छ वाचता येतेय. ट्रकमागे रस्ता मोकळा. मला तरी मोकळा—
सोनू, ओ दे ना गं, तू कु