दप्तराच्या कापडाची बाही

डोंबिवली (पूर्व)
२ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
चित्राचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तू डब्यात घालून ठेवतेस, म्हणून हा कागदाचा खटाटोप. बातमी अशी की तुझी बहीण आता केमिकल कंपनीची शिंपीण झाली! यांच्या कंपनीत छपरावर विंडसॉक असतो, झब्ब्याची लांब बाहीच समज. वारा भरला की फुगते आणि वारा कुठे चाललाय ते दाखवते. गॅस सुटला तर आधी वर बघायचं आणि वाऱ्याला आडवं पळायचं, असं मॉक ड्रिलमध्ये शिकवतात.

ही बाही दर पावसाळ्यात फाटते. नवी मागवा म्हणून हे तीन महिने मॅनेजरच्या मागे लागलेले, मेंटेनन्सचे सुपरवायझर ना! शेवटी मॅनेजर म्हणाले, पंढरी, घरूनच काहीतरी जमव. मग मी शिवते त्या शाळेच्या दप्तरांचं उरलेलं जाड कापड काढलं आणि दुहेरी शिवून दिलं. हे म्हणतात, आता दहा वर्षं बघायला नको. मॅनेजरसुद्धा खूश आहेत म्हणे.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी,
चित्रा

कोपरी, ठाणे
६ नोव्हेंबर

चि. सौ. चित्रास,
अ. उ. आ.

हसून हसून पुरेवाट झाली. लहानपणी सुईत दोरा ओवायला मला हाका मारणारी तू, आता कंपनीला कपडे घालतेस! पंढरीरावांना सांग, फुकट शिंपीण मिळाली म्हणून फार मिरवू नका. आणि ते मशीन कानात शिट्ट्या मारतं, म्हणून डब्यात असतं.

तुझ्या शेजारच्या शालूला त्याच कंपनीत पॅकिंगला लावून दिलंस, हे फार बरं केलंस. बिचारी नवऱ्यामागे एकटी पोरीला वाढवतेय. तिलाही माझा आशीर्वाद सांग.

प्रकृतीला जप, आठवण ठेव.
तुझी,
कलावतीताई

डोंबिवली (पूर्व)
१९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे. सोमवारी सकाळी दहाला कंपनीत व्हॉल्व्ह फुटला आणि विषारी गॅस सुटला. हे वाचले. अकरा जण ॲडमिट आहेत आणि त्यात आपली शालू आहे गं. आयसीयूत ठेवलंय.

हे सांगत होते, वारा हलकाच होता, पण थेट पुढच्या गेटाकडे वाहत होता. मागच्या दाराने गेलेले सुटले. गेटाकडे पळालेले गॅसमध्येच शिरले. वर विंडसॉक सरळ खाली लोंबत होता, त्यामुळे लोकांना वाटलं वाराच नाही.

ताई, मी दप्तराच्या कापडाचा उरलेला तुकडा दुहेरी करून गॅलरीतल्या दोरीवर टाकला, शेजारी माझी ओढणी. ओढणी फडफडत होती आणि तुकडा हलायला तयार नाही. जाड कापड हलका वारा उचलेलच कसा? मशीनवर आयुष्य काढलेल्या बाईला एवढं सुचू नये?

आणि पुढचं ऐक. आज हे पातळ नायलॉन घेऊन आले. मॅनेजरचा निरोप आहे की जुना काढून ठेवलाय, मंगळवारी चौकशीचे साहेब येतील, त्याआधी ह्याचा एक शिवायचा, धूळ चोळायची आणि हाच वर होता म्हणायचं. ज्या माणसाने जन्मात कुणाची सुई ठेवून घेतली नाही, तो माझा नवरा हे खाली मान घालून सांगत होता. नोकरी जाईल, केस होईल म्हणतात. मी काय करू?

लवकर लिही.
चित्रा

कोपरी, ठाणे
२१ नोव्हेंबर

चि. सौ. चित्रास,
आशीर्वाद.

वाचून सुन्न झाले. मी थोरली, खरं बोल असं तुला सांगायला हवं. पण चित्रा, शिवून टाक. झालं ते आता फिरत नाही. पंढरीराव तुरुंगात गेले तर तू कुणाकडे बघशील? लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण माझी बहीण तू आहेस, शालू नाही.

सांभाळ गं बाई.
कलावतीताई

डोंबिवली (पूर्व)
२६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

तुझ्यावर राग नाही. शिवायला बसले होते, पण मशीनवर पाय हलेना. काल यांच्याबरोबर कंपनीत गेले, चौकशीच्या साहेबांपुढे तो उरलेला तुकडा ठेवला आणि म्हटलं, विंडसॉक ह्या कापडाचा होता, मी शिवला, यांनी लावला, मॅनेजरनी चालवून घेतला. मग हे उठले आणि जुना विंडसॉक कुठे ठेवलाय ते त्यांनीच सांगितलं. यांना घरी बसवलंय, केसचं पुढे बघायचं. मला वाटलं, खरं बोलले, आता जरा श्वास घेता येईल.

संध्याकाळी शालूकडे गेले. शुद्धीवर आहे, पण आवाज पार गेलाय. माझा हात धरून कुजबुजत होती की कंपनीची माणसं म्हणतात, तू घाबरून कुठेही पळालीस. पण ती घाबरली नव्हती. बाकीचे वाट फुटेल तिकडे पळत होते तेव्हा ती थांबली, शिकवल्यासारखं वर बघितलं. बाही लोंबत होती, म्हणून जवळचं गेट धरलं. वहिनी, मी चुकले का, असं मला विचारत होती.

मी तिला सांगितलं, ती बाही कुणी शिवली.

तिने माझा हात सोडला आणि तोंड फिरवलं.

लोभ असू दे म्हणायचा धीर होत नाही गं. तरी असू दे.
चित्रा