सालहाच्या नावावरचं चीज

ऐन झैतून, बेजाजवळ
८ फेब्रुवारी १९९९

ती. मन्नूबियाताईस,
धाकट्या तिजानीचा सलाम, वि. वि.

इकडे सगळे खुशाल. पाऊस बेताचा, मेंढ्या धष्टपुष्ट, तुझी भावजय सालहा नेहमीसारखी कमी बोलते आहे. गेल्या जूनच्या उन्हात निम्मं चीज आंबलं आणि बेजाच्या दुकानदाराने ते परत पाठवलं, हे तुला माहीतच आहे. यंदाही तसंच झालं तर कळप विकून तुझ्या नवऱ्याच्या ऑलिव्हच्या घाण्यावर कामाला येईन म्हणतो.

पण एक वाट सापडली आहे. खेड्यातल्या चीजवाल्यांना, मधवाल्यांना सरकार अनुदान देणार आहे. त्यात शीतपेटी आणि दूध तापवायची स्टीलची टाकी मिळते. अट एकच, धंदा बाईचा हवा. अठ्ठावीस वर्षं चीज करणाऱ्या पुरुषाने काय करावं, असं मी गावातल्या सरकारी माणसाला, आमच्या ओमदाला विचारलं. तो म्हणाला, त्याने बायको शोधावी. माझ्याकडे ती आयतीच होती. अर्जावर सालहाचं नाव घातलं. सही करताना तिने विचारलं, की नाव माझं, तर चीज कुणाचं? मी सांगितलं, हे नुसतं कागदावर. तू तिला उगाच काही लिहू नकोस.

मायेत काटकसर नको.
तुझा तिजानी

स्फाक्स
२० फेब्रुवारी

चि. तिजानीस,
अ. आ.

पत्र पोचलं. घाण्यावर उचलायची पोती तुला झेपतील का, असं आमचे हे काळजीने विचारत होते.

बाबांनी मामाच्या नावावर विहीर केली होती, तीही नुसती कागदावर. तिचं पाणी आपल्या वाट्याला किती आलं ते आठव. सालहाला मी काही लिहिणार नाही. लिहावं लागेल असंही वाटत नाही.

रागावणार नसशील तर एक सांगते. हिवाळ्यातलं चीज पाठवू नकोस. कडवट असतं. इतकी वर्षं मी ते शेजारणीला देत आले, पण हल्ली ती मला पाहिलं की दार लावून घेते.

जप जिवाला. आठवण ठेव.
तुझी ताई

ऐन झैतून
२६ मार्च

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

अर्ज पुढे सरकला, पण मालकिणीला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं निघालं. सालहा बेजाला गेली. तेवढ्यात मेंढ्यांनी मला ओळखायचं सोडून दिलं. दूध काढायला बसलो की लाथ. बाजारात गेलो तर गिऱ्हाइकं विचारायची, बाई कुठे? कुणाला किती लागतं, कुणाला कमी खारट हवं, मला काय ठाऊक!

परत आली ती पांढरी टोपी आणि तापमापक घेऊन. अठ्ठावीस वर्षं मी दुधात कोपर बुडवून ऊब पाहतो. तिने तापमापक बुडवला आणि शांतपणे म्हणाली, की उन्हाळ्यात कोपर बरोबर सांगतं, थंडीत चार अंशांनी चुकतं. म्हणून कडवट होतं. तुम्हा दोघींचं आतून काही ठरलंय का, ते खरं सांग. आता मलाही टोपी घालावी लागते. ओमदा येऊन हसून गेला.

पुढच्या महिन्यात तपासणी आहे. त्या दिवशी बोलायचं मी, हे मी तिला बजावून ठेवलं आहे.

तुझा टोपीवाला भाऊ,
तिजानी

ऐन झैतून
१९ एप्रिल

ती. मन्नूबियावन्संना,
सालहाचा सलाम, वि. वि.

तुमचे भाऊ हे स्वतः कळवणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.

तपासणीच्या बाई आल्या तेव्हा अर्धं गाव कुंपणापाशी उभं होतं. बाईंनी सरळ मलाच विचारलं, की चीज कुणाच्या हातचं? वन्सं, मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, हात यांचे आहेत, मी नुसता तापमापक शिकले. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि कागद पिशवीत घालू लागल्या.

तेवढ्यात हे पुढे आले. डोक्यावर टोपी तशीच. म्हणाले, हिचं ऐकू नका, ही कमी बोलते आणि कमीच सांगते. धारा हीच काढते, अडलेली मेंढी हीच सोडवते, बाजार हीच सांभाळते. मी नुसतं ढवळतो. मी हिच्याकडे कामाला आहे. सगळ्या गावासमोर बोलले. सुरुवात केली ती मला वाचवायला. पण बोलता बोलता आवाज उतरत गेला, आणि शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

बाईंनी पेन पुन्हा काढलं. मालकीण सालहा, कामगार एक, असं लिहिलं. टाकी आणि पेटी पुढच्या आठवड्यात येतात. ओमदा या वेळी हसला नाही.

मुलांना पापा. येणं करा.
तुमची सालहा

ऐन झैतून
१२ मे

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

शीतपेटी चालू झाली. गुरगुरते, पण चीज टिकतं. कामगार म्हणून माझं विम्याचं कार्डही आलं. त्यासोबतच्या कागदात लिहिलंय, की कामगाराला वर्षाकाठी सुट्टी द्यावी लागते. मी मालकिणीकडे रीतसर अर्ज केला. तिने दोनदा वाचला, आठ दिवस मंजूर केले, आणि खाली लिहिलं, लोकर कातरायच्या आत परत यावे.

या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तुझ्याकडे पोचतो. आयुष्यातली पहिलीच सुट्टी आहे. तिच्यात करायचं काय असतं, ते तेवढं उलट टपाली कळव.

तुझा तिजानी