आप्पांची जीभ आणि तिखट केक

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? भावोजींचा खोकला कसा आहे, तेही कळव. इकडे सगळे बरे आहेत, माझे डोळे सोडून. ते ओघाने येईलच.

तापातून उठल्यापासून आप्पांची चव गेली, हे तुला फोनवर बोललोच होतो. दुपारचं झाकून ठेवलेलं ताट संध्याकाळी निम्मं तसंच असायचं. विचारलं की म्हणायचे, "सगळं कागदासारखं लागतं." (कागद कधी खाल्ला होता, हे विचारायची माझी हिंमत नाही.) महिन्यात चार किलो उतरले. डॉक्टर म्हणाले, गोडात तिखट घालून बघा, जिभेला जाग येईल. तुझी भावजय दिवसभर नोकरीवर, तेव्हा चॉकलेट केकमध्ये मिरची घालायचं काम मी अंगावर घेतलं. म्हटलं, चष्म्याचे नंबर पाव-पावाने मोजणारा माणूस मी, मला केकची काय भीती! पण पुस्तकात लिहिलेलं, 'चिमूटभर तिखट'. कोणाची चिमूट, ते नाही. मी मिरच्या स्वतः कुटल्या, माझ्या मापाने घातल्या, आणि त्याच हाताने डोळा चोळला. मग दुकानात एका शिक्षिकाबाईंना चष्मा देताना माझ्या डोळ्यांतून धारा. बाई घाबरून म्हणाल्या, "नंबर इतका वाईट आहे का हो?"

तो केक आधी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना दिला. रोज लोकांना 'आ करा' सांगणारा माणूस, त्यांनी स्वतः जो आ केला तो पाच मिनिटं मिटला नाही. हे ऐकून आप्पा खुर्चीतून उठले. "तुझं मोजमाप दुकानापुरतंच," म्हणाले आणि थेट स्वयंपाकघरात आले. ताई, तापानंतर पहिल्यांदाच!

पुढचे चार दिवस मी दुपारी दुकान बंद ठेवलं. मी वजन करायचो, आप्पा बसून ढवळायचे आणि ओव्हनच्या काचेतून असे बघत राहायचे, जणू आत बातम्या लागल्यात. आलं-मिरीची बिस्किटं झाली. त्यातलं एक खाली पडलं तर फरशीचा टवका उडाला. शनिवारी मात्र केक फुगला. वरून तडकला, पण फुगला. आप्पांनी एक घास घेतला. कान लाल झाले, नाक गळायला लागलं. मी पाण्याला धावलो, तर त्यांनी पेला बाजूला सारला. "आणखी एक तुकडा दे." तीन खाल्ले! रात्री ताटही स्वच्छ. मी ओव्हन पुसायचं निमित्त करून पाठ फिरवली.

असो. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत डबा पाठवतोय. उघडण्याआधी दूध जवळ ठेव.

आणखी ता. क. पत्र आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "चव कुठे गेली होती रे? तुझी आई गेल्यापासून दुपारी एकट्याने ताट उघडायला नको वाटतं." ताई, मला दुकान रोज बंद ठेवता येत नाही, आणि तू आता निवृत्त आहेस. महिनाभर येतेस का? तिखट तू म्हणशील तेवढंच घालू. (हे शेवटचं वाक्य त्यांना वाचून दाखवलेलं नाही.)